पाठीवरचा वास

१

इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धुण्याच्या मोरीला लागून असलेल्या कोठीत चंद्रभान पडला होता. आदल्या दिवसापर्यंत तो बोईसरजवळच्या खडीच्या खाणीवर मुकादम होता. आता त्याच्या एका बाजूला फिनेलचे डबे होते, दुसऱ्या बाजूला मांडवातून सोडवलेल्या पताकांचा ढीग. उशाशी बायको गोजराबाई बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता, आणि तो सगळा दाराबाहेर हवालदाराच्या पहाऱ्यात उभ्या असलेल्या तिच्या सख्ख्या धाकट्या भावावर होता.

"फौजदारसाहेब, त्याला न्या हितून," ती म्हणाली. "काल म्या आले तवाच भपकारा आला मला. माझ्या माळकरी नवऱ्याला दारू पाजून मारलं त्यानं. माझा भाऊ न्हाई तो."

फौजदार रामनाथ चुरी पालघरहून नुकतेच येऊन पोचले होते. दारूबंदी आल्यापासून त्यांची निम्मी नोकरी लोकांची तोंडं हुंगण्यात गेली होती. मोहाची, गुळाची, ताडी, की नुसतीच लवंग चघळून साळसूद उभं राहणारं तोंड, हे त्यांना माणूस बोलायच्या आत कळे. या कौशल्याचा त्यांना स्वतःलाच वीट आला होता, पण नाकाला रजा कशी देणार?

डॉक्टर टिपणीसांनी हकिकत तयारच ठेवली होती. हे दहा खाटांचं धर्मादाय इस्पितळ त्यांच्या हाताखाली होतं. "काल संध्याकाळी आमचा समारंभ आटोपला, पाहुणे गेले, आणि या ड्रायव्हरनं ह्याला जीपमधून आणून टाकला. टाकला आणि पळाला. नाडी पाहिली तर खलास. अंगाला दारूचा भपकारा. खाणीवरून दुपारीच निघाले होते म्हणे. मधला वेळ कुठे गेला हे मी सांगायला नको."

"खोटं हाय, साहेब!" दाराबाहेरून तिचा भाऊ झुंबर ओरडला. "म्या दुपारीच आणलं दाजींना. शुद्धीवर व्हते. बोलत व्हते!"

चुरींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि प्रेताच्या तोंडाशी वाकले. दारू नव्हती. छातीशी वाकले. गळ्यातल्या तुळशीच्या माळेला घामाचा वास होता, बाकी काही नाही. मग त्यांनी हवालदार विश्रामला आत बोलावलं आणि दोघांनी मिळून चंद्रभानला कुशीवर वळवलं.

भपकारा तिथून आला. सदरा पाठभर दारूनं ओला होऊन वाळला होता आणि त्यावर पुसट हिरवट डाग पसरले होते.

"गवतात लोळले असतील पिऊन," डॉक्टर म्हणाले.

पिणारे चुरींनी खूप पाहिले होते. पाठीनं पिणारा हा पहिलाच.

२

झुंबर हा नगर जिल्ह्यातला, बहिणीच्या मागोमाग पोट भरायला इथवर आलेला. खाणीची खटारा जीप तो चालवायचा. चुरींनी त्याला मांडवाच्या सावलीत बसवलं.

"जेवण झाल्यावर दाजी म्हणाले, छातीवर कुणी पाटा ठिवल्यावानी वाटतंय. डावा हात उचलंना. घामानं निथळत व्हते. म्या त्यांना जीपमधी घातलं आन् हितं आणलं. बाहेर बाक व्हतं, त्यावर निजवलं. ह्येच डागदर आले. छातीला नळी लावली, म्हणाले हार्टचं दुखणं हाय."

"मग?"

"मग म्हणाले, बायकूचा अंगठा पायजे, त्याबिगर भरती न्हाई. जा, घेऊन ये. आक्का मनोरच्या बाजाराला गेलेली. म्या तसाच मनोरला गेलो. सगळा बाजार पालथा घातला, पर आक्का काय घावली न्हाई. ती आदुगरच बैलगाडीत बसून माघारी आलेली. म्या आलो तवर..." त्यानं कोठीकडे बोट केलं. "साहेब, मला आत टाका. पर आक्काला येवढं सांगा, म्या त्यांना दारू न्हाई पाजली. ती मला हात लावू देईना दाजींना."

"तू दुपारी इथे आलास, हे कुणी पाहिलं?"

"समदी तोरणं बांधण्यात गुंतलेली. एक नर्सबाई व्हती."

चुरींनी नर्सला हाक मारली. प्रेमला जवळच्याच घिवली गावची, खोताच्या वाडीतली मुलगी. ती आली, डॉक्टरांच्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि जमिनीशी बोलावं तसं म्हणाली, "आमी नाय पाहिला. मी आतमदी होते."

तिनं हे सांगितलं तेव्हा तिचे दोन्ही हात पदराखाली होते. चुरींना तिच्या बोलण्यापेक्षा ते हात जास्त ऐकू आले. पण तिला आत्ता दटावण्यात अर्थ नव्हता. भ्यालेलं माणूस दटावलं की एकच खोटं घट्ट धरून बसतं.

खाणीवरची माणसं शपथेवर सांगत होती की जीप दुपारी निघाली. डॉक्टर शपथेवर सांगत होते की ती संध्याकाळी आली. खाण आणि इस्पितळ यांमधलं अंतर बैलसुद्धा रवंथ करत करत इतक्या वेळात दोनदा कापेल. झुंबर आणि डॉक्टर, दोघांपैकी एक जण धडधडीत खोटं बोलत होता, आणि त्यातल्या एकाच्या हातात बेड्या पडायची वेळ आली होती.

३

"या, आमची खोली तर पाहा!" इस्पितळ चालवणाऱ्या मंडळाचे चिटणीस एकनाथशेठ म्हणाले. चिकूच्या बागा, पांढरं धोतर आणि बोटांत अंगठ्या. कोठीत माणूस मरून पडला होता आणि शेठजींना खोली दाखवायची होती. चुरी गेले.

दारावर कापलेल्या लाल फितीची दोन टोकं अजून लोंबत होती. आत नवी कोरी खाट, ऑक्सिजनचा सिलिंडर, त्याच्या गळ्यात झेंडूचा हार. काचेच्या कपाटात इंजेक्शनं ओळीनं मांडलेली. मॉर्फीन, कोरामिन, सगळं होतं.

"हृदयविकारासाठी खास," एकनाथशेठ म्हणाले. "मुंबईहून पाहुणे आणले होते उद्घाटनाला. त्यांची गाडी वाटेत बिघडली, आम्ही ताटकळलो. पण काय समारंभ झाला! जो तो तोंडात बोटं घालत होता."

"मग चंद्रभानला इथे का नाही आणलं?"

"मेलेल्याला कशाला आणायचं?" डॉक्टर घाईनं म्हणाले. "शिवाय खाट रिकामी नव्हती. एक रुग्ण होता ऑक्सिजनवर. पाहुण्यांनी स्वतः त्याची विचारपूस केली."

"होता खरा," हवालदार विश्राम म्हणाला. काल पाहुण्यांबरोबर बंदोबस्ताला तोच होता. "पाहुण्यांनी विचारलं, कसं वाटतं? तर हसला बिचारा नळीआडून."

"आज कुठे आहे तो?"

"घरी गेला. बरा झाला," डॉक्टर म्हणाले.

"काल दिवेलागणीला ऑक्सिजनवर, आणि आज सकाळी घरी?"

"आमची व्यवस्थाच तशी आहे," एकनाथशेठ अभिमानानं म्हणाले.

चुरी बाहेर व्हरांड्यात आले. तिथे तीन बाकं होती, हिरवीगार, चकाकणारी. दोन उघडी होती. तिसऱ्यावर सतरंजी अंथरली होती.

"बसा, बसा, रंग वाळलाय," एकनाथशेठ मागोमाग आले. "काल सकाळीच ऑइल पेंट दिला. दुपारी चिकट होता, माझं धोतर थोडक्यात वाचलं. पण पाहुणे टेकले तोवर खडखडीत! एकाच्याही पांढऱ्या कपड्याला ठिपका लागला नाही."

"असं?" चुरी म्हणाले, आणि त्यांनी तिसऱ्या बाकावरची सतरंजी ओढून काढली.

फळ्यांवरचा रंग खरवडून निघाला होता. उरलेल्या रंगात जाड्याभरड्या कापडाची वीण जशीच्या तशी उठली होती. आणि बाकाच्या कडेला, जिथे निजलेल्या माणसाचा हात येईल तिथे, चार बोटं रुतलेली होती.

एकनाथशेठांच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टर मात्र शांतपणे म्हणाले, "एखादा हमाल बसला असेल."

४

चुरी विहिरीवर गेले आणि तोंडावर पाणी मारलं. बागेत जिवल्या नावाचा माळी कण्हेरींना पाणी घालत होता. ठणठणीत गडी, ताडाच्या झाडावर चढावं तर एका दमात. विश्रामनं त्याच्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं, मग तो चुरींच्या कानाशी आला.

"साहेब, हाच तो!"

"कोण?"

"कालचा पेशंट. ऑक्सिजनवरचा."

जिवल्यानं लपवायचं काही आहे असं मानलंच नव्हतं. उलट त्याला कौतुक वाटत होतं. "हा, मीच होतो. शेठ बोलले, खाट रिकामी बरी दिसत नाय, जिवल्या, तू झोप. मी फितीखालून वाकून आत गेलो नि झोपलो. नाकाला नळी लावली. असा गार वारा येत होता! पाव्हण्यांनी माझा फोटो पण काडला."

"आणि दुपारी बाकावर कुणी निजलं होतं का?"

जिवल्याचा चेहरा पडला. त्यानं बादली खाली ठेवली. "मी मांडवाला पाला आनाया गेलेलो. आलो तवा बाक रिकामाच होता. पन..." तो थांबला. "मी खाटेवर होतो ना, तवा मागल्या कोठीतून कोनतरी कण्हत होता. मी शेठना बोललो. ते बोलले, तू आजारी हाईस, तोंड मिटून पड."

पोलिसखात्यात चुरींनी कुऱ्हाडीनं तोडलेली माणसं पाहिली होती, समुद्रानं फेकलेली पाहिली होती. पण असं किळसवाणं काही त्यांच्या नाकाखालून गेलं नव्हतं. त्यांना आता फक्त एकच गोष्ट जुळवायची होती. दारू कुठून आली?

ते कोठीत परतले. गोजराबाईची परवानगी घेऊन पुन्हा एकदा सदऱ्याच्या पाठीशी वाकले आणि या वेळी नाकाला घाई करू दिली नाही. मोह नव्हता. गूळ नव्हता. हातभट्टीत घालतात तो नवसागरही नव्हता. वास अगदी स्वच्छ होता, धुतल्यासारखा.

ते ताडकन उठले. "विश्राम, सगळ्यांना त्या खोलीत बोलाव. झुंबरला पण. आणि बाई, तुम्हीसुद्धा चला."

५

हार घातलेल्या सिलिंडरभोवती सगळे उभे राहिले. गोजराबाईनं भावाकडे पाठ केली होती. झुंबर दाराशी मान घालून उभा होता.

"डॉक्टर," चुरींनी सुरुवात केली, "चंद्रभान गवतात लोळला असं तुम्ही म्हणालात. वैशाख चाललाय. इथपासून मनोरपर्यंत सगळं रान वाळून करडं पडलंय. हिरवं गवत कुठे आहे, मला दाखवा. या गावात काल हिरवी अशी एकच ओली वस्तू होती, तुमची बाकं."

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला.

"शेठजींनी मला स्वतः सांगितलं, रंग दुपारी चिकट होता आणि पाहुणे बसेपर्यंत वाळला. म्हणजे ज्याच्या पाठीला तो लागला, तो पाहुण्यांच्या आधी, दुपारी या बाकावर निजला होता. संध्याकाळी आलेल्या माणसाला तो रंग लागूच शकत नाही. झुंबरनं त्याला दुपारी आणलं. तो जिवंत होता. मेलेल्या माणसाची बोटं बाकाच्या कडेत रुतत नाहीत."

गोजराबाईनं हळूच मान वळवली.

"मग दारू कुठली?" एकनाथशेठ म्हणाले. "ती काय आम्ही पाजली?"

"दारू नव्हतीच. प्यायलेल्याच्या अंगावर सांडली तर छातीवर सांडते. ही पाठीवर होती, आणि बरोबर तिथंच, जिथं हिरवा रंग होता. पिण्याची नव्हती ती, पुसण्याची होती. इस्पितळातलं स्पिरिट. बाकाचा पुरावा सदऱ्यावरून पुसायला घेतला, रंग निघाला नाही, पसरला. वास मात्र राहिला. मग बाई आल्या, त्यांना वास आला, त्या दारू म्हणाल्या, आणि तुम्हाला आयती पळवाट सापडली. एक खोटं झाकताना दुसरं फुकट मिळालं." चुरी वळले. "प्रेमलाबाई, हात दाखवा."

प्रेमलानं पदराखालून हात काढले. नखांच्या कडांना हिरवा रंग होता. ती रडायला लागली.

"डॉक्टर बोलले, पूस. मी पुसला. तवा तो गेलेला होता, साहेब, शपथ."

"आणि त्याआधी?"

"आदी मी दोनदा बोलले, याला आत घेऊ या, इंजेक्शन देऊ. सगळा आतच होता, या कपाटात. पन दाराला फीत बांधलेली. शेठ बोलले, पाव्हण्यांच्या आदी फीत कापली तर अपशकुन होईल, आनि ते कापतील काय मग? डॉक्टर बोलले, पाव्हणे येतीलच आता. त्यांची गाडी काय येईना. मग पाव्हण्यांना बसायला बाकं पायजेत म्हनून याला कोठीत हलवला." तिनं डोळे पुसले. "मी पुठ्ठ्यानं वारा घालत होते. तो बोलत होता, बाई, जरा जोरात घाला. बाहेर भाषण चाललेला."

गोजराबाईनं त्या दाराकडे, मग खाटेकडे पाहिलं. तिला काय कळलं ते तिच्या तोंडावर दिसत होतं. औषध आणि तिचा नवरा यांच्या मधे बोटभर रुंदीची एक कापडी पट्टी होती, आणि ती उचलून त्याला खालून आत न्यायला कुणी तयार नव्हतं.

"फीत वाकून ओलांडता येते," चुरी डॉक्टरांना म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण विश्राम दोन पावलं मागं सरला. "हे तुम्हाला पदवी घेताना शिकवलं नसेल. शेळीला कळतं ते."

"वेळेवर देऊनही ते वाचले असतेच असं शास्त्र सांगत नाही," डॉक्टर पुटपुटले.

"नसेल सांगत. तुम्ही तेवढी संधी तरी द्यायची होती. जिवल्या माळ्याला दिलीत ना, काही दुखत नसताना?"

६

सदरा जप्त झाला. बाक जप्त झालं. ते विश्रामच्या आणि आणखी एका शिपायाच्या डोक्यावरून बोईसरच्या रस्त्यानं निघालं तेव्हा दुकानदार उठून उभे राहिले. डॉक्टरांवर आणि चिटणिसांवर कोणतं कलम लावायचं याचा चुरी मनाशी हिशेब करत होते, आणि जो हिशेब निघत होता तो त्यांना पटत नव्हता. खोटी फिर्याद, पुरावा नष्ट करणं, हलगर्जी. माणूस समोर गुदमरत असताना पाहुण्यांची वाट पाहणं याला कायद्यात वेगळं नाव नव्हतं.

झुंबरला त्यांनी तिथल्या तिथे सोडलं. तो जीपपाशी गेला, पण कोठीकडे पाय उचलेना.

गोजराबाई आपणहून त्याच्याकडे आली. मग म्हणाली, "बाजारात लई हुडकलंस का मला?"

झुंबरनं मान हलवली.

"म्या तुझं ऐकलं न्हाई. त्यांचं ऐकलं, कारण त्यांच्या अंगावर पांढरे कपडे व्हते," ती म्हणाली. "चल. दोघं मिळून उचलू त्यांना."

एवढ्यात एकनाथशेठ लगबगीनं आले. तोंडावर घाम होता, पण ओशाळलेपणा नव्हता. अशा माणसांना तो येतच नाही. ते चुरींच्या देखतच गोजराबाईपुढे हात जोडून उभे राहिले.

"बाई, झालं ते वाईट झालं. पण आमचं मंडळ तुम्हाला विसरणार नाही. पाहुण्यांच्या कानावर हे जायला नको, एवढीच विनंती. मी मघाशीच ठरवलं, या खोलीला चंद्रभानरावांचं नाव द्यायचं. संगमरवरी पाटी लावू. नाव लागलं की पुन्हा एक छोटासा समारंभ करू, आणि या खेपेला फीत तुमच्या हस्ते कापू."

चुरींनी तोंड उघडलं, पण गोजराबाईनं हातानं त्यांना थांबवलं. ती इस्पितळात गेली. दारावर लोंबणारी फितीची दोन्ही टोकं तिनं एकेक करून खिळ्यांसकट उपटली, चोळामोळा केला आणि बाहेर येऊन एकनाथशेठांच्या जोडलेल्या हातांत कोंबली.

"आता बांधाल तर म्या हितंच येऊन बसन," ती म्हणाली. "रोज. तुमच्या दारात."

मग तिनं भावाला खूण केली आणि दोघं कोठीत गेली.